टेबलावरची काळी-पिवळी

८ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, तुमचं बीपी नुसत्या गोळीने उतरायचं नाही. राग आला की बोलू नका, लिहून काढा. म्हणून ही डायरी. मेघाने आणून दिली. वर फुलपाखरू आहे. डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या बापाला फुलपाखराची डायरी. रागाला इथूनच सुरुवात झाली.

आजचा राग खाजाभाईवर. तो सुरतेला चालला आहे. ईदला त्याचा मुलगा शेहजाद आला होता. सुरतेत कापडाच्या कारखान्यात चांगल्या जागेवर आहे, फ्लॅट घेतला आहे, आणि म्हणतो अब्बा-अम्मीने आता तिथे येऊन राहावं, जळगावच्या उन्हात पत्रे ठोकणं पुरे झालं. पोरगं चुकीचं काही बोलत नाही. राग त्याचा नाही. राग याचा, की ही बातमी मला समोरच्या चहावाल्याने दिली. ज्या माणसाबरोबर मी तीस वर्षं एका डब्यातली भाजी खातो, त्याला तोंड उघडायला झालं नाही.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "हां, सोच रहा हूं."

मी म्हणालो, "जा ना. कोणी धरलंय तुला?"

मला काही फरक पडत नाही. तो ठोकतो, मी रंगवतो. ठोकणारा दुसरा मिळेल. अजिंठा रोडवर 'नवल-खाजा डेंटिंग पेंटिंग' ही पाटी मीच रंगवली आहे, त्यातलं 'खाजा' पुसायला मला पाच मिनिटं पुरतात. तसंही काम कुठे उरलंय. नव्या गाड्यांना प्लॅस्टिकचे बंपर, फुटला की फेका आणि नवा लावा. ठोकायचं काय, कपाळ?

इतकं लिहूनही बीपी होतं तेवढंच आहे.

१२ एप्रिल

धुळ्याहून मेघाचा फोन. ती तिथे बँकेत आहे. तिच्याबरोबर योगेंद्र नावाचा मुलगा काम करतो. हा दिवसा बँकेत बसतो आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो, आणि म्हणे हजारो लोक ते बघत बसतात. मी म्हणालो, लोकांना उद्योग नाहीत का? मेघा म्हणाली, "बाबा, डायरीत लिहा."

तर लिहितो. या मुलाला कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, जीपच्या आकाराचं हवं आहे. कुठलीही जीप नाही. त्याचे आजोबा झुलाल आबा धुळे-साक्री रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचे. टपावर कोंबड्यांच्या टोपल्या, मागे लटकलेली माणसं, ती जीप. दीड हात लांब, टेबलावर मावेल अशी, पण खऱ्या पत्र्याची. कॉम्प्युटरचं सगळं आतडं तिच्या पोटात बसलं पाहिजे. त्याने मापं घालून चित्र पाठवलं आहे.

मला वाटलं खाजाभाई हसेल. ज्या माणसाने ट्रकच्या ट्रक सरळ केले त्याला खेळण्यातली गाडी करायला सांगायची. पण तो फोटो बघतच राहिला. मग म्हणाला, "नवलभाऊ, ये काम लेते हैं. शेहजाद को बोल देता हूं, हाथ का काम पूरा होने पे आऊंगा. अधूरा काम छोड़ के जाना अपने में नहीं होता."

तत्त्वाचा माणूस आहे, त्यात वाद नाही. मी त्याला धीर दिला. म्हणालो, अजिबात काळजी करू नकोस, आठ दिवसांत उरकतो आणि तुला मोकळं करतो. उन्हामुळे असेल, चेहरा एकदम उतरला होता त्याचा.

१५ एप्रिल

काम सुरू. पत्रा मीच आणला, पातळ आणि मऊ. खाजाभाईने बोनट एका दुपारात काढलं. खाली लोखंडी ठोकळा धरायचा आणि वरून हातोडीने टिचक्या मारायच्या, टिक टिक टिक, पत्रा कणकेसारखा वळत जातो. मी पाहत उभा राहिलो आणि माझा चहा गार झाला. असं बोनट जळगावात कुणाच्या बापाला जमणार नाही. त्याला तसं सांगितलं नाही. डोक्यात जातं माणसाच्या.

या वेगाने गेलं तर आठवडाही लागणार नाही.

१९ एप्रिल

डायरी, आता लिहायचीच वेळ आली आहे. खाजाभाईने काल बसवलेली दोन्ही मडगार्ड आज उतरवली. म्हणे डावं तिरकं आहे. मी पट्टी लावून पाहिलं, सरळ. तो म्हणाला, "पट्टी से नहीं, नजर से तिरछा है."

परवा दरवाजे उतरवले होते. त्याआधी टप. टपावर त्याला एक खळगा सापडला, जो मला भिंग लावूनही दिसला नाही. जो माणूस उलटलेला टेम्पो दोन दिवसांत उभा करायचा, त्याला एवढ्याशा जीपला चार दिवस लागतात. मला एकच शंका येते. त्याचा हात गेला. वय झालं. बिचारा स्वतःच्या तोंडाने कसं सांगणार? शेहजादचं खरं आहे, त्याला आरामाची गरज आहे.

मी ठरवलं आहे, त्याच्यावर ओरडायचं नाही. मी सकाळी त्याच्याआधी गॅरेजवर जाऊन लहानसहान कामं स्वतः उरकत जाईन. तेवढाच त्याला हातभार.

२१ एप्रिल

माझ्या हातभाराने काम झपाट्याने पुढे गेलं. सकाळी त्याच्याआधी जाऊन मडगार्ड बसवून टाकली. खाजाभाई आला, पाहिलं, आणि बराच वेळ नुसता स्टुलावर बसला. भरून आलं असणार.

संध्याकाळी शेहजादचा फोन. "चाचा, अब्बा बोलते हैं बहुत काम बाकी है." मी म्हणालो, "बाळा, तू निर्धास्त राहा. तुझ्या अब्बांना मी लवकर मोकळं करतो, शब्द देतो." त्याने मला दुवा दिली. प्रमिला स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "तुम्हाला खाजाभाई जायला हवेत का नकोत?" मी म्हणालो, मला काय करायचंय. ती म्हणाली, "मग काल ताटात अर्धी भाकरी का उरली?"

वांग्याचं भरीत तिखट झालं होतं म्हणून. दुसरं काही नाही.

२४ एप्रिल

रंग. आता माझं राज्य. वरती पिवळा टप, खाली काळा. चार हात दिले, प्रत्येक हातानंतर पाण्याचा कागद घासून गुळगुळीत केलं. चेहरा दिसतो त्यात. मागच्या बाजूला हाताने 'आई धुरपदाची कृपा' लिहिलं, योगेंद्रच्या आजीचं नाव धुरपदाबाई. पुढे नंबरप्लेट लिहिली, झोकात, MH 19. खाजाभाई शेजारी उभा राहून बघत होता. दोनदा घसा खाकरला. अक्षर आवडलं असावं.

२६ एप्रिल

आज एका गोष्टीवर आम्हा दोघांचं एकमत झालं. तीस वर्षांत हे फार वेळा झालेलं नाही, म्हणून नोंद करतो.

योगेंद्रने चित्रात पुढची जाळी उघडी दाखवली आहे आणि मागे चार-पाच भोकं. बँकेतला मुलगा, त्याला गाडीतलं काय कळणार. जाळी उघडी ठेवली तर धुळ्याची सगळी धूळ आत. आणि पावसाळ्यात खिडकीतून शिंतोडे आले तर? आपल्या हातची गाडी म्हणजे आत पाण्याचा थेंब जाता कामा नये, हा आमच्या गॅरेजचा नियम आहे. मी म्हणालो, जाळीच्या आतून पत्रा मारू, भोकं बुजवू, आणि दरवाजांना रबरी पट्टी लावू.

खाजाभाई म्हणाला, "लड़के ने जाली खुली रखने को लिखा है."

मी म्हणालो, "लिहू दे."

त्याने जरा विचार केला, आणि मग म्हणाला, "तो पट्टी डबल लगाते हैं. दरवाजे निकाल के, नाप लेके, अच्छे से. चार दिन तो लगेंगे."

पहिल्यांदाच त्याला माझं म्हणणं पटलं. चार दिवस लागतील हे मला पटलं नाही. मी दोन दिवसांत लावून टाकतो.

२९ एप्रिल

जेवताना खाजाभाई म्हणाला, सुरतेचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. "वहां हथौड़ा मारूंगा तो नीचे वाला पुलिस बुलाएगा."

म्हणजे त्याची अडचण ही आहे. आधी सांगायचं की. मी दुपारी सुभाष चौकात जाऊन एक रबरी हातोडी घेऊन आलो. काळी, गुबगुबीत, लाकडी दांड्याची. मारून पाहिली, आवाज येत नाही. तिच्या दांड्यावर बारीक अक्षरात 'खाजा, सुरत' असं रंगवलं आणि त्याला दिली. म्हणालो, आता पाचव्या काय, पंधराव्या मजल्यावर ठोक.

त्याने ती हातात धरून उलटसुलट केली. म्हणाला, "बहुत सोचा तुमने मेरा."

डोळ्यांत पाणी होतं. माझी निवड चुकत नाही.

३ मे

जीप पूर्ण. पाण्याची चाचणी केली. गाड्या धुवायचा पाइप पूर्ण जोरात सोडला, पुढून, मागून, वरून. आतमध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवला होता, तो कोरडा ठाक. खाजाभाईने स्वतः हात घालून पाहिला आणि मान खाली घातली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणालो, आपण दोघांनी केलेलं शेवटचं काम, आणि ते पहिल्या नंबरचं.

घरी आल्यावर जेवलो नाही. ऊन बाधलं.

६ मे

धुळ्याला जाऊन आलो. सगळं लिहायला पाहिजे, नाहीतर उद्या डॉक्टरकडे जावं लागेल.

ओळखीच्या टेम्पोत जीप गादीवर ठेवली आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना. पारोळ्याला थांबून चहा घेतला. टेम्पोवाल्याने विचारलं, आत काय आहे? खाजाभाई म्हणाला, "दुल्हन."

योगेंद्रच्या घरी सगळी गल्ली जमली होती. मेघाही सुट्टी टाकून आली होती. धुरपदाबाईंनी जीपला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. चाकं फिरणारी केली आहेत, त्यामुळे लिंबं नीट चिरडली. मग झुलाल आबांना हाताला धरून आणलं. म्हातारा ऐंशीच्या घरातला, पांढरं धोतर, जुनी करकरणारी चप्पल. त्यांनी टपावरून हात फिरवला, मागचं अक्षर वाचलं, हसले. पुढे आले, वाकले, आणि ताठ उभे राहिले.

"हाई काय शे?"

नंबरप्लेट. MH 19. धुळ्याची गाडी MH 18. आयुष्यभर धुळ्याचा नंबर मिरवलेल्या माणसाच्या गाडीला मी जळगावचा नंबर दिला. "मी काय जळगावना शे का?" आबा म्हणाले आणि तोंड फिरवून खुर्चीत बसले. मी खाजाभाईकडे पाहिलं. तो म्हणाला, "मेरेकू लगा तुमने सोच के लिखा होगा." मग हळूच, "वापस ले जाना पड़ेगा क्या?"

मी खिशातून ब्रश आणि रंगाची छोटी डबी काढली. पेंटर ब्रशशिवाय घराबाहेर पडत नाही. तिथल्या तिथे 9 चा 8 केला. आबांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली. खाजाभाईला आनंद झाल्याचं दिसलं नाही.

मग योगेंद्रने कॉम्प्युटरचं आतडं जीपमध्ये बसवलं. हेडलाइट लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याने शर्यत सुरू केली. माझी छाती फुगली. पाच-सात मिनिटं झाली असतील, आणि स्क्रीन काळी. परत सुरू केलं, परत काळी. योगेंद्रने बोनटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "काका, तवा झालाय. हवा कुठून जाते?"

मी अभिमानाने सांगितलं, कुठूनच नाही.

त्याने जाळीत बोट घालून पाहिलं. मग मागची भोकं शोधली. मेघाने कपाळावर हात मारला. असं आहे म्हणे, की कॉम्प्युटर तापतो, आणि त्याच्या आतल्या पंख्यांना बाहेरची हवा लागते. ती भोकं त्यासाठी होती. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि आम्ही त्या बिचाऱ्याला डबल रबरी पट्टीत कोंडलेलं.

बीपी काय झालं असेल ते मोजलं नाही. खाजाभाई मात्र पुढे झाला आणि एकदम तरतरीत आवाजात म्हणाला, "कुछ नहीं भाई, वापस ले जाते हैं, पूरा खोल के नया बनाते हैं. एक महीना दे दो." इतका उत्साह मी त्याच्यात पंधरा दिवसांत पाहिला नव्हता. संकटात माणूस कळतो.

तेवढ्यात झुलाल आबा उठले. जीपजवळ आले, बोनटचा खटका काढून चार बोटं वर उचललं, पायातली चप्पल काढली आणि बोनटाच्या फटीत खोचली.

"इले दम लागना शे," आबा म्हणाले. "वारा लागू द्या. लळिंगना घाटमा मन्ही जीप अशीच चाले. बोनटमा चप्पल घालेल ऱ्हाये."

योगेंद्रने जाळीमागचा पत्रा पक्कडीने ओढून काढला, मागची बुचं काढली, आणि कॉम्प्युटर सुरू केला. अर्धा तास चालला. एकदाही काळा झाला नाही. आबा एका पायात चप्पल घालून पूर्ण शर्यत बघत बसले, आणि नातू वळणावर ब्रेक मारत नाही म्हणून त्याला शिव्या घालत होते.

योगेंद्र म्हणाला, काका, आता मला ही चप्पल हवीच. ही असल्याशिवाय जीप आबांची वाटतच नाही. आता आबांची चप्पल तर ठेवून घेता येत नाही. म्हणून जीप परत जळगावला आली आहे. पत्र्याची चप्पल करायची, बोनटला कायमची बसवायची, आणि हवेची भोकं मोकळी करायची. परत येताना खाजाभाई शीळ घालत होता.

१० मे

पत्र्याची चप्पल सुंदर झाली. अंगठ्याजवळचा झिजलेला खड्डासुद्धा काढला आहे त्याने, आबांच्या चपलेला होता तसाच. मला वाटलं होतं त्याचा हात गेला. गेलेल्या हाताने असं होत नाही. मग मडगार्डचं काय झालं होतं? उष्मा असेल.

योगेंद्रने त्या दिवशीचा व्हिडिओ टाकला, चपलेसकट. आज दोन फोन आले. इथल्याच एका सोनाराच्या मुलाला वडिलांच्या जुन्या मोटारीसारखं कॅबिनेट हवं आहे. भुसावळच्या एका रेल्वेवाल्याला तर इंजिनाचं हवं आहे. मी दोघांनाही नकार दिला. म्हणालो, आमचा कारागीर चालला आहे, आता त्याला अडकवणं बरोबर नाही. खाजाभाईला यातलं काही कळू दिलं नाही. उगाच त्याचा पाय अडकायचा.

प्रमिलाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही डायरी लिहिता का नुसती पानं भरता?" तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

१४ मे

झालं. चप्पल बसली, भोकं मोकळी झाली, रंगाचा शेवटचा हात दिला. खाजाभाई काल म्हणत होता चपलेचा पट्टा पुन्हा करू. मी म्हणालो, आता पुरे. मीच शेहजादला फोन करून सांगितलं, काम संपलं. तो रविवारी गाडी घेऊन येतो आहे.

गॅरेज बंद करताना खाजाभाईने आपल्या हातोड्या एकेक करून पुसल्या आणि आपापल्या खिळ्याला टांगल्या. मी म्हणालो, पेटीत भर ना, न्यायच्या आहेत. तो म्हणाला, "कल भरता हूं."

पाटीवरचं 'खाजा' अजून पुसलेलं नाही. ऊन कमी झाल्यावर पुसेन.

१६ मे, शुक्रवार

दुपारी खाजाभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला. मी एकटाच होतो. नूरबी भाभी डबा घेऊन आल्या. त्या कधी गॅरेजवर येत नाहीत. डब्यात शेवया होत्या. म्हणाल्या, जाण्याआधी एकदा द्यायच्या होत्या. मग दारातच उभ्या राहिल्या.

"भाईजान, एक बात पूछूं? आपको इतनी जल्दी काहेकी थी?"

मी म्हणालो, कसली जल्दी?

"शेहजाद को इन्होंने बोला था, हाथ का काम होने पे आऊंगा. रोज शाम को पूछती थी, कितना बाकी है. बोलते थे, बहुत है. खुश होके बोलते थे. फिर एक दिन आके बोले, नवल ने मडगार्ड बिठा दिए. फिर बोले, दो दिन में पट्टी लगा दी. फिर आप हथौड़ी लाके दिए, उस पे सूरत लिख के." त्यांनी पदर सारखा केला. "उस दिन खाना नहीं खाया. बोले, नूर, उसको मेरे जाने की बहुत पड़ी है."

त्या गेल्या. मी स्टुलावर बसलो. तिरकं नसलेलं मडगार्ड. टपावरचा न दिसणारा खळगा. नंबरप्लेट बघून खाकरलेला घसा. डबल पट्टी. "एक महीना दे दो." एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी ते वय झाल्याचं समजत राहिलो. तो वेळ काढत होता आणि मी त्याच्याआधी सकाळी येऊन त्याचा वेळ संपवत होतो.

मला रडू आलं. हे लिहायला लाज वाटते, पण डॉक्टरांनी सगळं लिहायला सांगितलं आहे. मला तो जायला नको आहे. कधीच जायला नको होता. त्याच्याशिवाय मी त्या गॅरेजमध्ये कुणाशी भांडू?

समोर जीप होती. तयार, चकचकीत, बोनटात चप्पल. उद्या धुळ्याला जायची आणि परवा खाजाभाई. मी उठलो. दाराबाहेर पाहिलं, कुणी नव्हतं. आधी रबरी हातोडी घेतली आणि जीपच्या टपावर मारली. काही झालं नाही. परत मारली. तिने साधा ओरखडासुद्धा उठत नाही. मग खिळ्यावरून खाजाभाईची लोखंडी हातोडी काढली. तिला तो कुणाला हात लावू देत नाही. मी आयुष्यात पत्रा ठोकलेला नाही, नुसता रंगवलेला आहे. डोळे मिटले आणि घातला घाव. पहिला निसटून कडेला लागला. दुसरा बरोबर मध्ये बसला. टप खाली गेला, आणि चार हातांचा माझा पिवळा रंग पापुद्र्यांनी उडाला.

फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं.

खाजाभाई आला. टोपी घडी करून खिशात ठेवली. जीपजवळ थांबला. खड्ड्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून हळूहळू फिरवला, तो नेहमी फिरवतो तसा.

"किसने किया?"

"मांजर," मी म्हणालो. "वरच्या पत्र्यावरून पडली."

त्याने वर पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. गडबडीत मी त्याची हातोडी चुकीच्या खिळ्याला टांगली होती.

"दो बार गिरी?"

"पहिल्यांदा नीट पडली नाही."

त्याने टपाला टिचकी मारली, कान लावला. "पत्रा खिंच गया है. टप पूरा निकालना पड़ेगा. पंद्रह दिन का काम है."

"महिना लाव," मी म्हणालो. "त्या सोनाराच्या मुलाला मोटार हवी आहे. भुसावळचा एक जण रेल्वेचं इंजिन मागतो. मी नाही म्हणालो होतो, आता हो म्हणतो." आणि मग जे तोंडातून निघतच नव्हतं ते निघालं. "खाजाभाई, जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय करमायचं नाही."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "इतना बोलने कू तुमने जीप से भी ज्यादा टाइम लिया."

त्याने माझ्यासमोरच शेहजादला फोन लावला. सांगितलं, बेटा, काम निकल आया, जीप पे बिल्ली गिर गई. मग शेहजाद म्हणाला, रविवारी तो येतोच आहे, पण न्यायला नाही, बिल्ली बघायला. आणि पावसाळ्यात चार दिवस तरी अम्मीला घेऊन सुरतेला यायचं, हे कबूल करून घेतलं. बरोबर आहे. पोरगं चुकीचं काही बोलत नाही.

योगेंद्रला मी फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, काका, आबांच्या जीपवर कधी खड्डा नव्हता असा दिवस नव्हता, लागेल तेवढा वेळ घ्या.

मग आम्ही शेवया खाल्ल्या, एकाच डब्यातून. खाजाभाईने जीपचा टप सोडवायला घेतला. आपली लोखंडी हातोडी तिच्या खिळ्याला नीट टांगली, आणि रबरी हातोडी उचलून माझ्या हातात दिली.

"ये तुम रखो," तो म्हणाला. "अगली बार बिल्ली आई, तो उसको बोलना इसी से मारे."